तबल्यावरची रांगोळी

नववीत असताना एका पावसाळी दुपारी आमच्या विज्ञानाच्या सरांनी गायनाच्या बाईंकडे शाळेचा तबला मागितला. कशासाठी, तर त्यावर रांगोळी टाकायची होती. बाई लगेच 'हो' म्हणाल्या नाहीत. वाद्याला चुकून पाय लागला तरी नमस्कार करायला लावणाऱ्या त्या! शेवटी तबला घेऊन स्वतःच प्रयोगशाळेत आल्या. वाजवीन तो मीच, एवढीच त्यांची अट होती.

आदल्या दिवशी सरांनी आम्हाला एक प्रश्न घालून ठेवला होता. बेंदराला बैलांपुढे हलगी कडाडते. तिच्यात ताल आहे, जोर आहे, मग तबल्यासारखी ती सुरात का लागत नाही? कुणी म्हणालं कातडं वेगळं, कुणी म्हणालं लाकूड. उत्तर तबल्याच्या मधोमध काळ्या गोलात होतं, आणि ते आम्ही रोज प्रार्थनेला बघत होतो.

सरांनी फळ्यावर आकडे लिहिले. साध्या ताणलेल्या गोल कातड्यावर आघात केला की मूळ कंपनाबरोबर आणखी कंपनं उठतात. ती मूळ कंपनाच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी आडनिडी असतात. कानाला त्यातून एक सूर धरता येत नाही. तंबोऱ्याच्या तारेत तीच दुप्पट, तिप्पट, चौपट अशी सरळ येतात. तबल्यावर लोखंडाचा कीस आणि खळ यांचे थरांवर थर देतात, दगडाने घोटतात. त्या शाईमुळे कातडं मधे जड होतं आणि आडनिडी कंपनं जवळजवळ पूर्ण पटींवर येऊन बसतात. हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर १९२० मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. पुढे १९३४ मध्ये त्यांनी सविस्तर लेख लिहिला, त्यात वाद्यांवर बारीक वाळू भुरभुरून उमटलेल्या आकृत्या होत्या. आमच्याकडे वाळूऐवजी रांगोळी होती. काळ्या शाईवर ती दिसलीही जास्त चांगली.

बाईंनी 'ना' वाजवला. अनामिका शाईच्या कडेवर अलगद टेकलेली, तर्जनीचा आघात चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर. पुन्हा 'ना'. पुन्हा. रांगोळी थरथरत सरकली आणि तबल्यावर आरपार एक पांढरी रेघ धरू लागली. त्या रेघेवर कातडं हलत नव्हतं आणि बाईंचं बोट नेमकं त्याच रेघेवर टेकलेलं होतं.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे बोट इथंच का ठेवायचं, ते गुरुजींनी मला कधी सांगितलं नाही. नुसतं ठेवायला लावलं." सर म्हणाले, "बाई, ही जागा आधी तुमच्या लोकांना सापडली. आम्ही नंतर येऊन मोजली."

हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून घेतलं होतं. वही गेली, वाक्य राहिलं.

दहावीनंतर 'सायन्स की आर्ट्स' हा प्रश्न आला तेव्हा घरात फार चर्चा झाली नाही. मार्क होते म्हणून सायन्स. आर्ट्सला कोण जातं, हे सगळ्यांना पाठ होतं. अजूनही पालक माझ्यासमोर तेच बोलतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आपण सांगतो, आता एक डोळा मिट.

मी स्पीच थेरपिस्ट झाले. अर्धांगाच्या झटक्यानंतर ज्यांची वाचा जाते, त्यांच्याबरोबर गेली पंचवीस वर्षं काम करते. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाच्या मेंदूची तपासणी केली. त्या माणसाला 'टॅन' एवढंच म्हणता येई. त्याच्या मेंदूत डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा सापडली. आमचं शास्त्र तिथून उभं राहिलं. पण त्याआधी शंभराहून अधिक वर्षं, १७४५ मध्ये, स्वीडनमध्ये एक नोंद झाली होती. आजारपणानंतर जवळजवळ काहीच बोलू न शकणारा एक माणूस आधी शिकलेली भजनं मात्र शब्दांसह गात असे. ब्रोकांच्या शोधाइतकीच ही नोंद मला मोलाची वाटते. गाताना त्याच्याकडे नीट लक्ष देणारं कुणी होतं म्हणून ती झाली.

काही वर्षांपूर्वी आमच्याच भागातले एक आजोबा आले. उजवा हात निकामी. समजायचं सगळं, पण तोंडातून फक्त 'हां... हां' निघायचं आणि मग डोळ्यांत पाणी. स्कॅनमध्ये इजा ब्रोकांनी दाखवली तिथेच. मी पद्धतीप्रमाणे जुनी लोकप्रिय गाणी लावली, सुरात बोलून दाखवलं. आठवडाभर काही हललं नाही. मग मी आजींना विचारलं, "आजी, आजोबांना गाण्याची आवड होती का?"

"गाणं कसलं बाई! पर एकादशीला भजनात टाळ धरल्याबिगर ऱ्हायचं न्हाईत."

मी त्यांचा डावा हात पलंगाच्या दांडीवर ठेवला, माझा त्यावर, आणि भजनी ठेका धरला. ज्ञानोबा-तुकाराम. तिसऱ्या आवर्तनाला त्यांचे ओठ हलले. पाचव्याला 'तुकाराम' स्पष्ट आलं, तीन महिन्यांनी आलेला पहिला शब्द. आजी पदर तोंडाला लावून खाली बसल्या.

त्याच ठेक्यावर पुढे 'पा-णी द्या' बसवलं. एकेका अक्षराला डाव्या हाताची थाप. सुरात बोलत थाप देण्याची ही पद्धत बोस्टनच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये मांडली. सगळ्या रुग्णांना ती लागू पडत नाही. ती का चालते यावर वादही आहे. २०११ मध्ये जर्मन संशोधकांना आढळलं की सुरापेक्षा लय आणि शब्दांची जुनी ओळख यांचा वाटा मोठा आहे. हा निष्कर्ष वाचला तेव्हा मला आजोबांचा टाळच आठवला. वाचा कुठे अडली ते स्कॅनने सांगितलं. हा माणूस चाळीस वर्षं कुठल्या लयीत उभा होता, ते आजींकडून कळलं. अभंग, भजन, टाळ यांतलं मला काहीच ठाऊक नसतं तर आजींचं उत्तर मी केस-पेपरवर लिहून घेतलं असतं आणि पुढे गेले असते. आजोबा पूर्वीसारखे कधीच बोलले नाहीत. दहाबारा वाक्यं परत आली. त्यांत नातवाची हाक होती.

बाई आता नाहीत. 'तुकाराम' आलं त्या संध्याकाळी मी सरांना फोन केला होता. ऐंशीच्या पुढचे आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून सगळं मोठ्यानं सांगावं लागलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ठेका कुठला धरलास गं?"

"भजनी, सर."

पलीकडून टेबलावर बोटं वाजल्याचा आवाज आला. आठ मात्रा, पुरत्या.