कागलच्या गोळ्या

आक्कांनी कॅरीबॅग माझ्या टेबलावर उपडी केली. आधी घरंगळली ती मिश्रीची डबी. मग खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या, त्यातल्या दोन मीच लिहून दिलेल्या. अडुळशाचा काढा, ज्येष्ठमधाच्या कांड्या, पुडीत बांधलेली सुंठ. सगळ्यात शेवटी रबर लावलेली गोळ्यांची एक स्ट्रिप.

"ही कशाची?"

"ती व्हय? ती बीपीची. खोकल्याची न्हवं."

मी स्ट्रिप उजेडाकडे धरून नाव वाचलं. रॅमिप्रिल, पाच मिलिग्रॅम. पुढचा मिनिटभर मला काही बोलताच आलं नाही.

निपाणीत दवाखाना चालवताना एक सवय आपोआप लागते. खोकणारी बाई समोर बसली की डोक्यात तंबाखूच येते. आक्का तर बाराव्या वर्षापासून तंबाखूच्या वखारीत. चाळण मारायची, पोती भरायची, तोंडाला पदर बांधायचा. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात नवऱ्यासोबत हायवेवर बसून राहिलेली ही बाई. पस्तीसएक वर्षं ती धूळ छातीत गेलेली. भाद्रपदात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा खोकल्याला तीन आठवडे झाले होते. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की टीबीसाठी बेडका तपासायचा, हा नियम मी कधीही मोडत नाही. त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवलं. बेडका जेमतेम निघाला, कारण खोकला कोरडाच होता. रिपोर्ट निगेटिव्ह. एक्स-रे स्वच्छ. छातीला स्टेथोस्कोप लावला तर श्वास दोन्हीकडे नीट, घरघर नाही की शिट्टी नाही.

एवढं सगळं स्वच्छ असताना मी थांबून विचार करायला हवा होता. मी वखारीवर बोट ठेवलं आणि इनहेलर लिहून दिला. महिन्याने उतार नाही म्हणून ॲसिडिटीची गोळी दिली, कारण पोटातलं आम्ल वर आलं तरी कोरडा खोकला टिकतो. नाकातलं पाणी घशात उतरत असेल म्हणून पुढच्या खेपेला ॲलर्जीची. दम्याचा एक प्रकार तर असा असतो की धाप लागतच नाही, नुसता खोकलाच असतो. ही सगळी कारणं खरी आहेत. मोठ्या माणसाचा आठ आठवड्यांवर गेलेला खोकला बहुतेक यांतल्याच कशामुळे तरी असतो. पण आक्कांचं कारण पाचवंच होतं आणि ते त्यांच्या पिशवीत होतं.

पिशवी आणायला मी सांगितलं, त्यालाही एक कारण घडलं. दिवाळीनंतर त्या नातवाला बाहेर बसवून एकट्या आत आल्या. ढास लागली की पदराचा बोळा तोंडात दाबून धरायच्या, तशाच बसल्या. मग खाली मान घालून म्हणाल्या, "डाक्टर, खोकताना लघवी सुटतीया. देवळात भजनाला जायचं सोडलंय म्या." तीन महिन्यांत पहिल्यांदा बोलल्या त्या हे. अशा किती बायका हे न सांगताच दवाखान्यातून उठून जात असतील, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी निरोप धाडला, दिवसभरात तोंडात जे जे जातं ते सगळं घेऊन या.

गोळी सुरू झाली होती आषाढात. कागलला लेकीकडे गेल्या असताना चक्कर आली, तिथल्या डॉक्टरांनी बीपी बघून ती दिली. गोळी योग्यच होती, बीपीला आणि हृदयाला चांगलीच. निपाणी कर्नाटकात, कागल महाराष्ट्रात; सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला की आमच्याकडच्या माणसाची फाइल दुसरी होते. कागलचे कागद लेकीच्या कपाटात, निपाणीचे माझ्याकडे. मी "बीपी आहे का" विचारलं होतं, त्या "आता बरं हाय" म्हणाल्या होत्या, आणि मी पुढे सरकलो होतो.

ही गोळी शरीरातलं एक एन्झाइम अडवते, म्हणून रक्तदाब उतरतो. पण तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाच्या द्रव्याचा निचरा करत असतं. निचरा थांबला की ते श्वासनलिकेत साचतं आणि तिथल्या नसा इतक्या हळव्या होतात की गार वारं, बोलणं, हसणं, कशानेही उबळ येते. ही गोळी घेणाऱ्या शंभरातल्या पाच-दहा जणांना, आणि बायकांना जास्त, असा खोकला लागतो. कधी पहिल्या गोळीनंतर काही तासांत, कधी काही महिन्यांनी. सिरप, काढा, हळददूध, यातलं काही त्याला लागू पडत नाही.

एरवी या घरच्या उपायांच्या मी अजिबात विरोधात नाही. सर्दीच्या खोकल्याला रात्री चमचाभर मध खरंच आराम देतो, फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला तो कधीच द्यायचा नाही. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, डोकं थोडं उंच करून झोपणं चांगलंच. कफ पडत असेल तर तो दाबायचं औषध घेऊ नये, छाती साफ व्हायची तर तो बाहेर पडायलाच हवा. आणि रक्त पडलं, धाप लागली, वजन उतरलं, किंवा पोराला खेळता खेळता अचानक ठसका लागून श्वास घेताना शिट्टी वाजू लागली, तर घरी काढा उकळत बसू नये. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकलेली मुलं मी पाहिली आहेत.

मी कागलच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. त्यांनी लगेच टेल्मिसार्टन या बीपीच्याच दुसऱ्या गोळीवर बदलायला होकार दिला. आक्कांना बजावलं, जुनी बंद आणि नवी उद्यापासून, मधे एकही दिवस रिकामा नको. मग माफी मागितली. त्या नुसत्या बघत राहिल्या.

पहिला आठवडा काहीच फरक नाही. खोकला जायला एक ते चार आठवडे लागतात, काहींना तीन महिनेही, हे मला माहीत होतं, तरी रोज संध्याकाळी मी नातवाला फोन करायचो. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, रात्री आज्जी एकदाच उठली.

पाचव्या आठवड्यात त्या बीपी दाखवायला आल्या. १३४ वर ८२. दहा मिनिटं बोलत होत्या आणि मी मधली उबळ यायची वाट बघत होतो. ती आली नाही. उठताना त्यांनी नातवाला वही काढायला लावली आणि मला म्हणाल्या, "ह्या नव्या गोळीनं काय काय हुतंय, त्ये आधी सांगा. ह्यो लिवून घील."