आमची वाटचाल : स्पिरिटच्या धंद्यातली

औद्योगिक स्पिरिटचा, म्हणजे कारखान्यांना लागणाऱ्या अल्कोहोलचा धंदा वडिलांनी सुरू केला. १९९३ ला मळीवरचं (साखर काढल्यावर उरणारा काळा पाक, त्यापासून स्पिरिट होतं) केंद्राचं नियंत्रण उठलं आणि कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांना माल विकायची थोडी मोकळीक आली, तेव्हा सांगलीच्या आसपास इतके साखर कारखाने असताना आपण दुसरं काय करणार म्हणून कुपवाडला शेड घेतलं, परवाना काढला आणि रेक्टिफाइड (गाळून शुद्ध केलेला), डिनेचर्ड (पिता येऊ नये म्हणून काही मिसळलेला), अ‍ॅब्सोल्यूट (पाणी काढून टाकलेला) असा ड्रममधला आणि टँकरमधला माल विकायला लागले. गिऱ्हाईक म्हणजे शाईवाले, थिनरवाले, होमिओपॅथीची मदर टिंक्चर करणारे, अत्तरवाले, लॅबवाले आणि पॉलिशवाले. आमच्यात दारूचा संबंध नाही, हे लग्नात आणि सोयरिकीत अजून सांगावं लागतं.

मी आलो तेव्हा वडिलांनी पहिल्यांदा हातात हायड्रोमीटर दिला, म्हणजे मालात तरंगवून त्याची घनता मोजायची काचेची नळी. जार पुसायचा, माल हळू ओतायचा, बुडबुडे बसू द्यायचे, डोळा लेव्हलला आणून खालच्या वळणावर रीडिंग घ्यायचं, लगेच थर्मामीटर टाकायचा आणि मग टेबल काढून करेक्शन. नुसतं रीडिंग सांगितलं की ओरडायचे, "टेंपरेचर कुठाय?" बरोबर होतं त्यांचं. दुपारी ३८ डिग्रीला भरलेला वीस हजार लिटरचा टँकर पहाटे २८ ला उतरवला तर दोनशेवर लिटर कमी दिसतं, चोरी काहीच नसते, माल आकसलेला असतो. यावरून ड्रायव्हरला मारलेलं मी बघितलंय. म्हणून सांगतो, टँकर घेणाऱ्याने चलनावर भरतानाचं टेंपरेचर लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. आणि अर्थिंगची क्लिप (ठिणगी पडू नये म्हणून टँकर जमिनीला जोडायची तार) लावल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावू नये, स्पिरिटची ज्योत भर उन्हात दिसत नाही, भाजल्यावर कळते.

मधली बरीच वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे एक पोरगा बिलिंगला होता. हुशार, गोड बोलणारा, आई त्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही. कुठल्या गिऱ्हाइकाला महिन्याला किती ड्रम लागतात, कोण किती उधारीवर घेतं, सगळं त्याच्या डोक्यात. एके दिवशी घरचं कारण सांगून गेला आणि दोन महिन्यांत शेजारच्या जिल्ह्यात त्याचंच गोडाऊन. लिटरला दोन-अडीच रुपये कमी रेट. आमचे थिनरवाले गेले, शाईवाले गेले, ज्यांच्या पोरांच्या बारशाला आम्ही गेलो ते पण गेले. विचारलं तर म्हणायचे, "काय करणार, मार्केट आहे." आम्ही हिशोब करून थकलो, कारखान्याच्या रेटमध्ये वाहतूक धरली तर त्या भावाला माल परवडतच नाही. इकडे आम्ही कारखान्याकडून माल उचलायचा ॲडव्हान्स भरून बसलेलो, माल शेडमध्ये पडून, बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची उचल, तटलेली. शेवटी आमचा स्वतःचा टँकर विकला. वडिलांनी त्याला हार घातला आणि आत जाऊन बसले, त्या दिवशी जेवले नाहीत.

कोडं सुटलं ते मिरजेच्या अण्णांमुळे. अण्णा म्हणजे आमचं पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक, चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये भिजवून तयार पॉलिश करणारे, मिरजेतले सतार-तंबोऱ्याचे कारागीर त्यांच्याकडून घेतात, फर्निचरवाले पण घेतात. फार मोठी ऑर्डर नाही, पण पैसे आठवड्याच्या आत. त्यांच्याकडे एकदा आमचा माल पोचायला उशीर झाला म्हणून त्यांनी दोन ड्रम त्या पोराकडून घेतले. ऐन पावसाळा. पॉलिश केलेल्या एका तंबोऱ्याच्या भोपळ्यावर सकाळी पांढरी धुरकट झाक! कारागीर भांडायला आला, अण्णा तो भोपळा धोतरात गुंडाळून आमच्याकडे घेऊन आले. माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "हे बघ, आणि सांग तुझ्या मापाचं काय चुकतंय."

ड्रममधला माल तपासला. हायड्रोमीटर अगदी बरोबर दाखवत होता. आणि खरी मेख तिथंच आहे! इथेनॉल म्हणजे आपलं खरं स्पिरिट आणि मिथेनॉल म्हणजे विषारी अल्कोहोल, या दोघांची घनता जवळजवळ सारखी, ०.७९ च्या आसपास, कितीही मिसळा, काचेचा गोळा तसाच तरंगतो. मिथेनॉल लवकर उडतं, पृष्ठभाग थंड पडतो, हवेतलं पाणी धरतो आणि पॉलिश पांढरं पडतं. पुण्यातल्या लॅबला नमुना पाठवला, जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी, मालात काय काय मिसळलंय ते वेगळं करून दाखवणारी तपासणी) रिपोर्टमध्ये मिथेनॉल लख्ख दिसत होतं. स्वस्त रेटचं कारण कळलं एकदाचं. विषारी माल, लोक हात बुडवून पॉलिश मारतात, वाफ घेतात, आणि हा पठ्ठ्या ड्रमवर डिनेचर्ड स्पिरिटचं लेबल लावून विकतोय.

रिपोर्ट घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो, तिथं सांगितलं लेखी द्या, लेखी दिलं, पोच मिळाली, बस. मग जून २०१५ ला मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलच्या दारूने शंभरावर माणसं गेली आणि एकदम सगळीकडे तपासण्या. आमचं रजिस्टर, स्टॉक, पास, सगळं उलटंपालटं करून बघितलं, डिप रॉड (माल किती ते मोजायची काठी) टाकीत चार-चारदा घातला, सापडलं काहीच नाही. त्या पोराचं गोडाऊन तेवढ्यात बंद झालं होतं. म्हणजे कधी लाज नाही, कधी शिक्षा नाही.

गिऱ्हाइकं परत आली, पण कुणी एकाने म्हटलं नाही की चुकलं. २०२० च्या मार्चमध्ये सॅनिटायझरसाठी धावपळ झाली तेव्हा तीच मंडळी रात्री अकराला फोन करत होती. मी आधी अण्णांना आणि टिंक्चरवाल्यांना माल दिला, बाकीच्यांना नंतर. राग आला असेल त्यांना, येऊ दे.

पुढची अडचण इथेनॉलची. २०१८ पासून बी-हेवी मळीपासून (जीत थोडी साखर राहू दिलेली असते) आणि उसाच्या रसापासून केलेल्या, पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला तेल कंपन्यांचा वेगळा, ठरलेला रेट मिळायला लागला, कारखाने तिकडं वळले, आमच्यासारख्या दहा-वीस हजार लिटरवाल्याला कोण विचारतो. त्यात २०२३ च्या डिसेंबरला रसापासून इथेनॉलवर बंदी आली आणि आठवड्यात अर्धी मागे घेतली, भाव कुठं लावायचा तेच कळेना. २०२४ च्या ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ असं सांगितलं की औद्योगिक अल्कोहोलवर पण राज्यांचा अधिकार, हा अधिकार केंद्राचा म्हणणारा १९९० चा सात जजांचा निकाल फिरला. आम्हाला काय, माल हलवायचा सरकारी पास आधीही लागायचा, आत्ताही लागतो.

नवीन पोरांना एकच सांगेन, कुणी विचारलं नाही तरी. रेट कमी दिसला की जीसी रिपोर्ट मागा, नमुना टँकरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून स्वतः काढा, दोन बाटल्या सील करून एक विकणाऱ्याच्या सहीने ठेवा. सही द्यायला जो कां-कूं करतो त्याचा माल उतरवू नका.

तो पोरगा आता दुसऱ्या राज्यात सॉल्व्हंटचं काम करतो असं ऐकलंय. त्याच्याकडून पगाराच्या उचलीचे पैसे अजून यायचे आहेत, वही आमच्याकडे आहे.