केस गळत नाहीत म्हणून आणलेला गुळ्या

आमच्याकडे नवऱ्याला कुत्र्याची ॲलर्जी आणि लेकीला कुत्रा हवाच, दोन वर्षं हेच चाललेलं. मग कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं की पूडल, म्हणजे कुरळ्या केसांची ती कुत्र्याची जात, तिचं मिक्स आणा, त्याचे केस गळत नाहीत. सासूबाईंचं म्हणणं, "अगो, रत्नागिरीत गावठी पिल्लं काय कमी आहेत? फुकट मिळतील." खरंतर बरोबरच होतं त्यांचं, पण शिंकांचं काय करायचं?

मग मी वाचायला बसले. लॅब्राडूडल गाजलं तेच मुळी अशा एका नवऱ्यापायी! हवाईतल्या एका अंध बाईला गाइड डॉग हवा होता आणि नवऱ्याला ॲलर्जी, म्हणून १९८९ साली ऑस्ट्रेलियात गाइड डॉगच्या संस्थेतल्या वॉली कॉनरननी लॅब्राडॉर आणि पूडलची जोडी लावली. तीन पिल्लं झाली, त्यातलं एकच त्या नवऱ्याला चाललं. हे वाचल्यावर कळलं की जात बघून काही होत नाही, ते ठरावीक पिल्लूच तपासायला पाहिजे, कारण ॲलर्जी केसांची नसतेच, ती कुत्र्याच्या लाळेतल्या नि कातडीच्या कोंड्यातल्या प्रोटीनची असते. फोनवरचे ब्रीडर मात्र सगळे "शंभर टक्के ॲलर्जी-फ्री मॅडम" म्हणत होते. एकाला पिल्लाची आई दाखवा म्हटलं, तर फोनच ठेवला त्याने.

शेवटी पुण्यात एका घरी कॉकापू, म्हणजे कॉकर स्पॅनियल आणि पूडलची पिल्लं होती. आई समोर, आईबापांच्या डोळ्यांचे टेस्ट रिपोर्टही दाखवले (पूडल आणि कॉकर दोघांतही आंधळेपणाचा एक आनुवंशिक आजार असतो). नवऱ्याला दोन वेळा नेऊन तासतासभर पिल्लांत बसवलं. एक गुळाच्या रंगाचं पिल्लू मांडीवर झोपलं आणि शिंक आली नाही, झालं, ठरलं. नाव गुळ्या.

लसी, गोळ्या वगैरे डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून होणारा आजार) लस मात्र दरवर्षी चुकवायची नाही असं त्यांनी बजावलंय, आपल्याकडे पावसात साचलेलं पाणी आणि त्यात उंदरांचं मूत, त्यामुळे. गोचिडांची गोळी वेगळी.

आता केसांचं. गळत नाहीत म्हणजे जातात कुठे? तिथेच राहतात, सुटलेला केस बाजूच्या केसांत अडकतो आणि त्याची जट होते. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. पहिल्या जूनमध्ये तो रोज भिजून यायचा, मी टॉवेलने खसाखसा पुसायची आणि वरवर ब्रश फिरवायची, वरून कसा मऊ मऊ! आणि खाली कातडीलगत नुसता नमदा झालेला, काखेत, कानामागे. मी शहाणी, आंघोळ घातली की सुटेल म्हणून शाम्पू लावला, तर जटा आणखीच आवळल्या. सासूबाई म्हणाल्या, "देवाची जट आहे वाटतं, कापू नको हो!" आणि स्वतःच हसत सुटल्या. जवळपास ग्रूमर नाही, आंबा घाट चढून कोल्हापूरला नेला, तिथे मशीन लावून अख्खा भादरला. घरी आला तेव्हा लेक ओळखेना त्याला.

तेव्हापासून केस बोटभरच ठेवतो. आधी कंगवा, मगच आंघोळ. कंगवा कातडीपर्यंत न अडकता गेला तर विंचरणं झालं, नाहीतर नाही. कानांचंही तसंच, लोंबते कान आणि आपली दमट हवा, ऑगस्टमध्ये आंबूस वास यायला लागला, यीस्ट झालेलं. भाट्याच्या समुद्रावरून आला की आता पहिले कान कोरडे करायचे, बाकीची वाळू पडवीत आपोआप झडते.

आणि हो, त्याला रात्री पडवीत ठेवत नाही, बिबट्या फिरतो आमच्याकडे.

गंमत म्हणजे रोज संध्याकाळी मास्क लावून विंचरायला बसतो कोण, तर नवरा! लेकीचा उत्साह तीन महिन्यांत आटला. कंगव्याने नवऱ्याला काही होत नाही, तोंड चाटलं की मात्र चार शिंका ठरलेल्या, आणि गुळ्या नेमकं त्याचंच तोंड चाटायला जातो.