कॉव्हेंट्रीच्या शाळेतला दशावतार

डिसेंबरात सकाळी साडेसातला गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडताना बाहेर मिट्ट काळोख असतो. कुडाळात तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो, आईचं जेवण उरकलेलं असतं आणि नेमका तेव्हाच तिचा फोन येतो. "न्हेरी केलंस गो?" मी हो म्हणते आणि गाडी सुरू करते. शाळेच्या फाटकावर माझी पाळी असली की सव्वाआठच्या आत पोचावं लागतं. अंगात पिवळंधमक जाकीट घालायचं, पावसात उभं राहायचं आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलाला नावानं हाक मारून गुड मॉर्निंग म्हणायचं. कोणाचा टाय सुटलाय हे तर दिसतंच, पण कोण रात्रभर झोपलेलं नाही, हेही तिथंच कळतं.

मी इथं नेमकं काय करते, हे घरच्यांना अजून नीटसं उमगलेलं नाही. "म्हणजे गॅदरिंगचं नाटक बसवतेस ना?" असं मावशी दर वेळी विचारते. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. इंग्लंडच्या मध्यभागातलं कॉव्हेंट्री हे माझं शहर. तिथल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत मी नाटक हा विषय शिकवते. गणिताचा, भूगोलाचा असतो तसा नाटकाचा तास. मुलं अकरा ते सोळा वर्षांची. आमच्या शाळेत धाकट्यांना आठवड्यातून एक तास, आणि पुढे जी मुलं हा विषय निवडतात त्यांना दोन वर्षं आठवड्याला तीन तास. शेवटी जीसीएसईची परीक्षा, आपल्या दहावीसारखी.

नवऱ्याच्या नोकरीमुळे इथं आले, आधी दोन वर्षं वर्गात मदतनीस होते, मग इथलंच शिक्षक प्रशिक्षण घेतलं. ते दिवस खडतर होते, पण आज सांगायचंय ते वेगळं आहे.

आमच्या वर्गाला स्टुडिओ म्हणतात. भिंती काळ्या, पडदे काळे, जमीनही काळी. वर लोखंडी दांड्यांना दिवे टांगलेले, कोपऱ्यात दिव्यांचं आणि आवाजाचं यंत्र. बाकं नाहीत, फळा नावापुरता. अकरा वर्षांची तीस मुलं पहिल्यांदा आत येतात तेव्हा कुठं बसावं हेच त्यांना कळत नाही. मी त्यांना जमिनीवर गोल करून बसवते, स्वतःही बसते. या गोलात कोणी मागच्या बाकावर नसतं. आपल्याकडे शिकताना चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या बाकांवर मी कायम मागे असायचे, म्हणून मला या गोलाचं फार अप्रूप आहे. तास संपला की मुलं दारातून जाताना एकेक करून "थँक्यू मिस" म्हणतात. कोणी शिकवलेलं नाही, इथली रीतच आहे. बाई लग्न झालेली असो, नातवंडांची असो, शाळेत ती मिसच.

सुरुवातीला मी मुलांना तेच सांगायचे जे मला सांगितलं गेलं होतं. मोठ्यानं बोल, प्रेक्षकांना पाठ दाखवू नकोस, वाक्य चोख पाठ कर. माझ्या तासाला बसलेल्या एका अनुभवी शिक्षिकेनं नंतर मला शांतपणे विचारलं, "आज या मुलांनी कशाचा विचार केला?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून माझ्या तासाची घडीच बदलली. आता मुलं चार-चारांच्या गटात एखादा प्रसंग गोठवून उभी राहतात. मी एकाच्या खांद्याला हात लावते, आणि त्या पात्राच्या मनात त्या क्षणी काय चाललंय ते तो मोठ्यानं बोलतो. किंवा एकाला खुर्चीत बसवायचं आणि बाकीच्यांनी त्याला, म्हणजे त्या पात्राला, प्रश्न विचारायचे. "तू दार का उघडलं नाहीस?" उत्तर लिहून ठेवलेलं नसतं. खुर्चीतल्या मुलाला ते तिथल्या तिथं शोधावं लागतं. गप्प मुलं त्या खुर्चीत काय काय बोलून जातात! आणि कधी कधी असं काही बोलतात की तास संपल्यावर मला शाळेतल्या बालसुरक्षेच्या जबाबदार व्यक्तीकडे ते जसंच्या तसं लिहून द्यावं लागतं. ते काम मी कधीही उद्यावर टाकत नाही.

या सगळ्याला हे शहर फार जवळचं आहे. मध्ययुगात कॉव्हेंट्रीचे कारागीर बायबलमधल्या कथांची नाटकं चाकांच्या गाड्यांवर, रस्त्यारस्त्यांतून करत. एकेका व्यवसायाच्या संघाकडे एकेक नाटक. त्यातली दोनच आज शिल्लक आहेत, एक शिंप्यांचं आणि एक विणकरांचं. 1579 नंतर ती परंपरा बंद पडली. मग 1958 साली इथं बेलग्रेड थिएटर उभं राहिलं. युगोस्लाव्हियातल्या बेलग्रेड शहरानं त्यासाठी लाकूड भेट दिलं, म्हणून ते नाव. त्याच थिएटरनं 1965 मध्ये नट असलेले शिक्षक शाळाशाळांत पाठवायला सुरुवात केली. मुलांना नुसतं नाटक दाखवायचं नाही, त्यात सामील करून घ्यायचं आणि त्यातून शिकवायचं. ही चळवळ पुढं देशोदेशी गेली, आणि तिचं मूळ माझ्या शाळेपासून बसनं वीस मिनिटांवर आहे. दर वर्षी मुलांना तिथं नेते तेव्हा मला देवळात गेल्यासारखं वाटतं.

मात्र शिंप्यांची आणि विणकरांची नाटकं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला कॉव्हेंट्री दिसली नाही, आमच्या गावची जत्रा दिसली. माझे काका दशावतारात होते. दिवसा ते चिऱ्यांच्या खाणीवर जायचे, गवंड्यांच्या हाताखाली चिरे वाहायचे, आणि कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की रात्री राजा व्हायचे. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, असं आमच्याकडे दशावतारी नटांबद्दल म्हणतात, ते मी घरात पाहिलेलं आहे. लहानपणी काकांच्या मागे लागून मी रंगपटात जायचे. कंदील, पेटारा, आणि ज्याच्या त्याच्या हातात आरसा. स्वतःचं तोंड स्वतःच रंगवायचं. तिथंच मुख्य नट आज कुठलं आख्यान ते सांगायचा, कोणी कुठली भूमिका करायची, कोण कोणानंतर येणार, शेवट कुठं होणार. बस. कागद नाही, पाठांतर नाही. संवाद ज्याचे त्यानं रंगमंचावर उभं राहून बोलायचे, आणि पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत रात्रभर ते चालायचं. काका म्हणायचे, "समोरचो अडलो तर तेका वाट करून देवची."

जीसीएसईच्या अभ्यासक्रमात याच गोष्टीला डिव्हायझिंग म्हणतात. आम्ही ज्या मंडळाची परीक्षा देतो त्यात तीन भाग आहेत. पावणेदोन तासांची लेखी परीक्षा 40 टक्के, छापील नाटकातले दोन उतारे करून दाखवायचे 20 टक्के, आणि उरलेले 40 टक्के मुलांनी स्वतः रचलेल्या नाटकाला. शिक्षक एखादी वस्तू, चित्र किंवा कविता देतो, तिथून पुढं सगळं मुलांचं. हा भाग आला की मुलं घाबरतात. "पण मिस, वाक्यं कुठे आहेत?" मग मी त्यांना गोलात बसवते आणि काकांची गोष्ट सांगते. दशावताराची एक चित्रफीतही दाखवते. स्त्रीवेषातला नट रडायला लागतो तेव्हा पहिली दोन मिनिटं मुलं हसतात, तिसऱ्या मिनिटाला खोली चिडीचूप होते. एक शब्द कळत नसतो, तरी.

यात मला एक गोष्ट मनापासून खुपते. या स्वरचित नाटकाच्या भागाचे 80 गुण, त्यातले प्रत्यक्ष सादरीकरणाला 20. बाकीचे 60 गुण नोंदवहीला. नाटक कसं रचलं, काय बदललं, का बदललं, हे अडीच हजार शब्दांपर्यंत लिहायचं. विचार करणाऱ्या मुलाला त्याचं श्रेय मिळावं हा हेतू चांगलाच आहे, मला मान्य आहे. पण ज्याचं सगळं शहाणपण हातापायांत आणि आवाजात आहे, त्या मुलावर यात अन्याय होतो. नोंदी बोलून ध्वनिमुद्रित करायची सोय आहे, म्हणून मी त्या मुलांसाठी दुपारच्या सुट्टीत बसते. माझा डबा त्या यंत्राशेजारीच उघडलेला असतो.

दुसरं दुखणं याहून मोठं आहे. इथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात नाटक हा स्वतंत्र विषय नाही, तो इंग्रजीच्या पोटात आहे. 2010 साली सरकारनं शाळांचं मोजमाप करायला विषयांची यादी आणली, त्यात इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास किंवा भूगोल आणि परकी भाषा होती. नाटक नव्हतं, संगीत नव्हतं, चित्रकला नव्हती. तेव्हापासून देशभर नाटक घेणारी मुलं कमी होत गेली. मी जिथं प्रशिक्षण घेतलं त्या शाळेत नाटकाचा तास पुढं बंदच झाला आणि स्टुडिओत संगणक आले. त्या खोलीच्या काळ्या भिंतींना पांढरा रंग देताना मी पाहिलं आहे. आपल्याकडचे पालक मला सांगतात की तिकडे कलांना किती मान असतो! मान आहे, पण तोही दर वर्षी भांडून टिकवावा लागतो.

गेल्या वर्षी दहावीच्या एका गटाला मी जुन्या कॅथेड्रलचं, म्हणजे शहरातल्या मुख्य चर्चचं, छायाचित्र दिलं. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी या शहरावर अकरा तास बॉम्ब टाकले. पाचशेहून अधिक माणसं गेली. कॅथेड्रलचा मनोरा आणि बाहेरच्या भिंती तेवढ्या उरल्या, त्या भिंती आजही तशाच उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत, आत पाऊस पडतो, आणि वेदीच्या मागं भिंतीवर इंग्रजीत दोनच शब्द कोरलेले आहेत, 'फादर फर्गिव्ह', म्हणजे पित्या, क्षमा कर. आम्ही सगळे तिथं जाऊन आलो. गटात दोन मुली आणि एक मुलगा. मुलांची नावं इथं लिहायची नाहीत, म्हणून मुलगाच म्हणते. वडील गवंडी, शनिवारी हा त्यांच्याबरोबर कामाला जातो. अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढं नाचतात, चार ओळी लिहायला तास लागतो. सहा आठवडे तो तालमीत फारसं बोलला नाही.

सादरीकरणाच्या दिवशी मी कॅमेऱ्याशेजारी बसले होते. अशा वेळी शिक्षकानं मध्ये पडायचं नसतं, एक शब्दही सुचवायचा नाही. प्रसंग बॉम्बहल्ल्यानंतरच्या सकाळचा. एक मुलगी पडलेल्या घरासमोर उभी राहून आईबद्दल बोलणार होती. ती पुढं आली, तोंड उघडलं, आणि शब्दच गेले. तीन सेकंद. पाच सेकंद. तिचा चेहरा लाल होत गेला. मी मांडीखाली हात दाबून धरले.

मागे उभा असलेला तो मुलगा खाली वाकला. गुडघे मोडून, पाठ सरळ ठेवून त्यानं जमिनीवरची एक वीट उचलली. तिथं वीट नव्हती. त्यानं ती पोटाशी धरली, उभा राहिला आणि तिच्या हातात दिली. तिचे हात त्या वजनानं खाली गेले. ती वळली आणि वीट दुसऱ्या मुलीकडे दिली, तिनं ती बाजूला रचून ठेवली. दुसरी वीट. तिसरी. खोलीत फक्त श्वास आणि बुटांचा आवाज. आठव्या की नवव्या विटेला तो थांबला, बाहीनं ती पुसली, मग दिली. ती त्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ही आमच्या स्वयंपाकघरातली आहे." हे वाक्य तालमीत कधीच नव्हतं. तिथून नाटक पुढं चालू लागलं.

नंतर सुट्टीत आम्ही त्याची नोंद मुद्रित करायला बसलो. वीट का उचललीस, असं मी विचारलं. तो बराच वेळ विचार करत होता. "मिस, तिला हातात काहीतरी हवं होतं," एवढंच बोलला. त्या एका वाक्याचे गुण मिळावेत म्हणून मी त्याला आणखी प्रश्न विचारले, आणि तीन दुपारी लागल्या, पण झालं. निकाल ऑगस्टात येईल.

त्या शनिवारी काकांना फोन केला. आता ते ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून सगळं दोनदा सांगावं लागलं. मुलगी अडली इथंवर आल्यावर ते गप्प झाले, आणि विटेचं सांगून झाल्यावरही बराच वेळ गप्प होते. मला वाटलं फोन तुटला.

मग म्हणाले, "चिरो कसो उचल्ल्यान? एका हातान काय दोनय हातांनी?"

"दोन्ही हातांनी. गुडघ्यात वाकून."

"मगे बरोबर," काका म्हणाले.