राहदारी आणि रहदारी

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत 15 प्रश्न असतात. 2022 मध्ये मी ती दिली तेव्हा गुजरातमध्ये पास व्हायला 11 उत्तरं बरोबर यावी लागत आणि एका प्रश्नाला 48 सेकंद मिळत. माझी 10 बरोबर आली. परीक्षा एका आयटीआयमध्ये होती. कारण इकडे 2019 पासून लर्निंगचं काम आरटीओकडून आयटीआय आणि पॉलिटेक्निककडे दिलं गेलं. बाहेर पायरीवर मी बराच वेळ बसून राहिले. महिनाभर रात्री ओटा आवरून झाला की पुस्तिका घेऊन बसत होते. मग चुकलं कुठे?

मी माहेरची सांगलीची. लग्न होऊन बडोद्याला आले त्याला चोवीस वर्षं झाली होती. दांडिया बाजारात राहते, भाजीवाल्यांशी, शिंप्याशी, बँकेत सगळीकडे गुजरातीच बोलते. पण बोलणं वेगळं आणि वाचणं वेगळं. घरात मराठी आणि शेजारीपाजारीही मराठी, त्यामुळे गुजराती लिपी दुकानांच्या पाट्यांपुरतीच डोळ्यांखालून गेली होती. गाडी कधी हातात घेतली नव्हती, कारण हे चालवायचे आणि मी शेजारी बसायचे. त्या वर्षी ह्यांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. गाडी दोन महिने दारात उभी होती. काचेवर धूळ साचली की सासूबाई पदराने पुसायच्या. मी शिकायचं ठरवलं ते तेव्हा.

परीक्षा हिंदीतही देता येते. मी गुजराती निवडली, कारण हाताशी असलेली पुस्तिका गुजरातीत होती आणि मदत करणारी सगळी माणसं गुजरातीतूनच सांगत होती. ओळखीच्या एकाने एजंटचं नाव सुचवलं, "पैसे द्या, सगळं होऊन जाईल." ते मला पटलं नाही. ज्या रस्त्यावर माझ्या सासूबाई काठी टेकत चालतात, त्या रस्त्यावर नियम न शिकता मी गाडी काढणार होते का?

शेजारच्या वाड्यात एक काका राहतात. गुजरात एसटीत त्यांनी आयुष्यभर बस चालवली, आता निवृत्त आहेत. त्यांच्याकडे गेले आणि आठवतील तेवढे प्रश्न सांगितले. झेब्रा क्रॉसिंगच्या प्रश्नाशी त्यांनी मला थांबवलं. 'राहदारीओ' रस्ता ओलांडायला उभे आहेत, तुम्ही काय कराल, असा तो प्रश्न होता. मी उत्तर दिलं होतं, वेग कमी करून, हॉर्न वाजवून पुढे जाईन.

"सूनबाई, राहदारी म्हणजे तुला काय वाटलं?"

"रहदारी. म्हणजे गाड्या. ट्रॅफिक."

"नाही गं. गुजरातीत राहदारी म्हणजे पायी चालणारा माणूस."

माझ्या अंगावर काटाच आला. बाजारात हा शब्द कोणी बोलत नाही, म्हणून तो कधी कानावर पडला नव्हता. आपली रहदारी गाड्यांची, त्यांचा राहदारी पायी चालणारा. फरक एका कान्याचा. माझ्या उत्तरात चालणाऱ्या माणसांसमोर मी हॉर्न वाजवत निघून गेले होते. खरं उत्तर साधं होतं: गाडी थांबवायची, माणसं पलीकडे पोचेपर्यंत उभं राहायचं आणि मगच निघायचं. मनात आलं, इतकी वर्षं मी ह्या गावात राहदारीच आहे आणि माझ्यासाठी कोणी असं थांबल्याचं आठवत नाही. म्हणून कदाचित चुकीचं उत्तर इतक्या सहज खरं वाटलं.

काकांनी दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू केली. पुस्तिका बंद करायला लावली. "घोकू नको, पर्यायांच्या जागा बदलतात. रस्त्यावर चल माझ्याबरोबर." सकाळी साडेसहाला आम्ही दांडिया बाजारातून निघायचो, सुरसागरच्या काठाने न्यायमंदिरापर्यंत, तिथून लहेरीपुरा दरवाज्यातून आत मांडवीपर्यंत. वाटेत जी पाटी दिसेल तिथे थांबायचं आणि अर्थ सांगायचा. रोज त्या पाट्यांखालून जात होते, पण त्या कधी वाचल्या नव्हत्या.

त्यांनी पहिल्यांदा आकार शिकवले. गोल पाटी म्हणजे हुकूम, गुजरातीत 'फरजियात'. पाळलीच पाहिजे, मोडली तर गुन्हा. त्रिकोण म्हणजे इशारा, 'चेतवणी': पुढे वळण आहे, शाळा आहे, अरुंद पूल आहे. चौकोनी पाटी नुसती माहिती देते: दवाखाना, पेट्रोल पंप, पार्किंग. दोनच पाट्या ह्या हिशोबात बसत नाहीत. 'थांबा'ची आठ कोनांची आणि 'रस्ता द्या'ची उलट्या त्रिकोणाची. मी विचारलं, हे दोघे वेगळे का? काका म्हणाले, पाटीवर चिखल उडाला, रंग उडाला, रात्र असली, तरी नुसत्या आकारावरून ओळखू यावं म्हणून. सगळ्यांत महत्त्वाचे हुकूम हेच दोन. एकदा कारण कळल्यावर मला त्या पाट्या पुन्हा पाठ कराव्या लागल्या नाहीत.

मांडवीपाशी आम्ही सगळ्यांत जास्त वेळ काढला. ती कमानींची जुनी इमारत जुन्या शहराच्या मधोमध उभी आहे आणि चार दरवाज्यांकडून येणारे रस्ते तिथे मिळतात. काकांनी मला एका बंद दुकानाच्या फळीवर बसवलं आणि अर्धा तास येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायला लावल्या. "आता सांग, पहिला हक्क कोणाचा?" सिग्नल नाही, पोलीस नाही, दोन्ही रस्ते सारखेच असतील, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गुजरातीत उजवी म्हणजे 'जमणी', ज्या हाताने जेवतो ती. एक रस्ता मोठा असेल तर मोठ्या रस्त्यावरच्याला आधी. आणि सर्कल असेल तर आत फिरणाऱ्याचा हक्क, बाहेरून शिरणाऱ्याने थांबायचं. काकांच्या उमेदीच्या काळात 1989 ची नियमावली होती, तिच्या जागी 2017 मध्ये नवी आली. ती त्यांनी निवृत्तीनंतर नातवाकडून मोबाइलवर वाचून घेतली होती. गाडी चालवणं सुटलेला माणूस नवे नियम वाचतो, हे बघून माझा त्यांच्याबद्दलचा आदर फार वाढला. काळ्या घोड्याच्या सर्कलवर त्यांनी हेच पुन्हा विचारलं. सयाजीराव महाराजांच्या पुतळ्याभोवती गाड्या फिरत होत्या आणि मी एकेकीकडे बोट दाखवून सांगत होते: हिचा हक्क, हिने थांबायला हवं होतं, हिने इशारा दिला नाही.

हातात एक वही असायची. एका बाजूला गुजराती शब्द, समोर मराठी. डाबी म्हणजे डावी. वळांक म्हणजे वळण. सांकडो पुल म्हणजे अरुंद पूल. थोभो म्हणजे थांबा. पहिल्या पानावर, लाल पेनने, राहदारी.

काही नियम काकांनी गोष्टीसारखे सांगितले, ते विसरणं शक्य नाही. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड असतं. पुढच्याने उजवीकडे वळायचा इशारा दिला असेल आणि डावीकडे जागा असेल, तेव्हा डावीकडून ओव्हरटेक चालतं. अरुंद पुलावर समोरून गाडी शिरत असेल तर आपण अलीकडेच उभं राहायचं. बिनपहाऱ्याच्या रेल्वे फाटकाचाही प्रश्न असतो: गाडी उभी करायची, स्वतः उतरून रुळापर्यंत जायचं, दोन्हीकडे बघायचं, मग गाडी काढायची. ब्रॉडगेजवरची अशी फाटकं जानेवारी 2019 पर्यंत बंद झाली, तरी काका हा नियम सोडायला तयार नव्हते. त्यांचं बालपण डभोईचं. गायकवाडांची डभोई-मियागाम नॅरोगेज 1862 ची, सुरुवातीला तिचे डबे बैल ओढायचे, हे ते अभिमानाने सांगतात. "गाडी लहान असली तरी रूळ तिचा," एवढंच म्हणाले.

पण मला सगळ्यांत भिडला तो पांढऱ्या काठीचा नियम. दृष्टिहीन माणूस पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडत असेल, तर ती काठी हीच थांबण्याची खूण मानायची. सिग्नल असो-नसो, पट्टे असोत-नसोत. त्या माणसाच्या हातातली काठी त्या क्षणी लाल दिव्याच्या बरोबरीची. घरी येऊन ह्यांना वाचून दाखवलं. डोळ्यावर पट्टी होती, ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "तीस वर्षं गाडी चालवली, हा नियम माहीत नव्हता मला."

दुसऱ्यांदा परीक्षा दिली तेव्हा माझी 15 पैकी 14 उत्तरं बरोबर आली. चुकलं ते पिवळ्या लुकलुकत्या दिव्याचं. लाल लुकलुकला तर पूर्ण थांबून, बघून जायचं. पिवळा लुकलुकला तर थांबायची सक्ती नाही, वेग कमी करून जपून जायचं. मी उलटं सांगितलं.

पुढचं थोडक्यात. लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्या लायसन्सची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे लाल एल लावून, शेजारी लायसन्सवाला माणूस बसवून चालवायची. माझ्या शेजारी काका बसायचे. दरजीपुऱ्याच्या आरटीओतला ट्रॅक सेन्सरचा होता, रेषेला चाक लागलं की ते लगेच नोंदलं जायचं, समोर गयावया करायला माणूसच नव्हता. मला ते बरं वाटलं. चढावर गाडी मागे सरकू न देता उचलायची होती, तेव्हा घाटाचा नियम आठवला आणि पाय आपोआप ठरला. पहिल्या खेपेला पास झाले.

काळ्या घोड्याकडून येताना कमाटी बागेसमोर एक आजोबा कडेला उभे होते, हातात दुधाची पिशवी. मी पट्ट्यांच्या अलीकडे गाडी थांबवली. ते हाताने खूण करत होते, तुम्हीच जा. मीही हात केला, तुम्ही या. मागून हॉर्न सुरू झाले. आजोबांनी एक पाऊल टाकलं, माझ्याकडे बघितलं, दुसरं टाकलं. मी स्टिअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले, त्यांना दिसतील असे. शेजारी सासूबाई होत्या, म्हणाल्या, "जाऊ दे त्यांना सावकाश."

ती वही आता समोरच्या वाड्यातल्या नव्या सुनेकडे आहे. ती अकोल्याची. परवा विचारायला आली, चडाण म्हणजे काय. मी सांगितलं, चढण. हा शब्द माझ्याकडून लिहायचा राहून गेला होता, तिने तो वहीत आपल्या अक्षरात घातला.