ढेकणांसाठी अख्खी इमारत हाताळताना: माझा अनुभव

एका घरात ढेकूण सापडले की आमचं पथक डावं-उजवं, वरचं आणि खालचं घरही तपासणीच्या यादीत घालतं, तक्रार एकाचीच असली तरी. पाइपाभोवतीच्या फटी, वायरिंगच्या नळ्या, दाराखालची जागा यांतून ढेकूण शेजारी जातात. एकाच घरात औषध मारलं तर उरलेले बाजूला सरकतात आणि काही आठवड्यांनी परत येतात. त्यामुळे शहराच्या आरोग्य विभागासोबत हे काम करताना फवारणीपेक्षा जास्त वेळ जातो तो सगळी दारं उघडून घेण्यात.

दारं बंद राहतात ती लाजेपोटी. ढेकूण रक्तावर जगतात, खरकट्यावर नाही. चकचकीत घरातही ते होतात. त्यांच्यामुळे माणसांत रोग पसरतात असं सिद्ध झालेलं नाही, पण खाज आणि झोपेचं खोबरं खरंच होतं. नोटिशीत आम्ही तक्रारदाराचा घर क्रमांक कधीच टाकत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१७च्या स्थानिक कायद्याने घरमालकांना इमारतीतल्या ढेकणांची माहिती दरवर्षी शहराकडे द्यावी लागते. अशी नोंद हाताशी असली की सुरुवात कुठून करायची ते कळतं.

तपासणीला टॉर्च आणि जुनं प्लास्टिकचं कार्ड पुरतं. गादीची शिवण, पलंगाच्या डोक्याकडच्या फळीची मागची बाजू आणि स्क्रूची भोकं आधी बघायची. तिथले काळे ठिपके ओल्या कापडाने पुसले की तांबूस तपकिरी पसरतात. ती ढेकणांची विष्ठा. अंडी मिलिमीटरभर, मोतिया पांढरी, आणि अशी चिकटलेली असतात की नुसत्या व्हॅक्यूमने निघत नाहीत.

तयारीतच निम्मं काम बिघडतं. कपडे आधी पिशवीत बांधायचे आणि मगच खोलीबाहेर काढायचे. उघडे नेले की वाटेत ढेकूण सांडतात. ड्रायरमध्ये जास्तीत जास्त उष्णतेवर किमान ३० मिनिटं, मग स्वच्छ पिशवीत बंद. झोपायची जागा बदलू नका, ढेकूण माणसामागे येतात. धुराचे डबे तर नकोच: धूर फटीत पोचत नाही, आणि ढेकूण मात्र पांगतात.

पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांना (नेहमीच्या कीटकनाशक फवाऱ्यांत हीच असतात) बरेच ढेकूण दाद देत नाहीत. म्हणून फटींत सिलिकाची भुकटी (पातळ थर, ढीग केला तर ते वळसा घालून जातात), शिवणींवर वाफ, आणि जमेल तिथे खोली तापवणं. तापवताना हवा ५५ अंशांवर गेली म्हणून खूश होऊ नये. तापमापकाचं टोक गादीच्या पोटात हवं. तिथे ५० अंश सेल्सिअस झाल्यावर ९० मिनिटं मोजायची.

खरी परीक्षा दुसऱ्या फेरीची. फवारणीतून अंडी बऱ्याचदा वाचतात आणि साधारण ६ ते १० दिवसांत फुटतात, गारठ्यात आणखी उशिरा. पिल्लाला मोठं व्हायला पाच वेळा कात टाकावी लागते, आणि प्रत्येक वेळी आधी रक्त लागतं. म्हणून पहिल्या फेरीनंतर दोन आठवड्यांनी, नवी पिल्लं अंडी घालण्याजोगी व्हायच्या आत, पुन्हा जायचं. तोवर चावे थांबलेले असतात आणि लोक म्हणतात, 'आता काही नाही, राहू द्या.' दोन्ही तारखा पहिल्याच भेटीत लिहून घेतल्या तर हा नकार बराच कमी होतो.

पलंग भिंतीपासून सरकवून प्रत्येक पायाखाली दुहेरी कड्याची सापळा-वाटी ठेवायची. बाहेरच्या कड्यात सापडला तर तो खोलीतून येत होता, आतल्या कड्यात असेल तर पलंगातूनच उतरत होता. पुढची फवारणी कुठे करायची ते यावरून ठरतं. चादर जमिनीला टेकली की वाटी फुकट.

कुलूपबंद घर सोडून पुढे जाणं सगळ्यात महागात पडतं, कारण ढेकूण रक्ताविना काही महिने तग धरतात. मालकाकडून किल्ली मिळेपर्यंत आम्ही शेजारच्या घरांचं काम संपलं असं लिहीत नाही, तिथल्या वाट्या दर आठवड्याला तपासत राहतो.