मे महिन्यात ग्राफिक्स कार्ड थंड ठेवायचं तर

परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, कूलर दमट हवा फेकतो. अशात कार्डाचा क्लॉक, म्हणजे चालण्याचा वेग, वाढवण्यापेक्षा व्होल्टेज उतरवलेलं बरं.

एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेतल्या कार्डांवर लिनक्सवर ही सोय आधी उघडावी लागते. ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) ‘एएमडीजीपीयू’ या कार्डाच्या ड्रायव्हरचा ‘पीपीफीचरमास्क’ हा पर्याय घालून रीबूट करा, नाहीतर व्होल्टेजची फाइल दिसणारच नाही. ‘लॅक्ट’ हा कार्डाची सेटिंग बदलणारा प्रोग्राम बसवलात तर हेच काम तो एका बटणावर करतो.

सुरुवात उणे २५ मिलिव्होल्टनं. तासभर गेम चालवा, तोही भर दुपारी. रात्री टिकलेलं सेटिंग दुपारी टिकेलच असं नाही. मग २५-२५ नं खाली. स्क्रीन काळी पडून परत आली आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नोंदींत, ‘रिंग टाइमआउट’ (कार्डानं वेळेत उत्तर न दिल्याची चूक) दिसला, की एक पायरी मागं या. कधी कधी भारात धडधाकट चालणारं कार्ड नुसता व्हिडिओ बघताना गोठतं, म्हणून तेही तपासा.

पॉवर कॅपची, म्हणजे कार्डाच्या वीजवापराच्या कमाल मर्यादेची, फाइल मायक्रोवॅटमध्ये आकडा घेते: १५० वॅट म्हणजे १५ कोटी. शून्य मोजून टाका!

बूटला आपोआप लागू करणं मात्र आठवडाभर सगळं नीट चालल्यावरच. तोवर बिघडलं तर रीबूट केलं की सगळं मूळपदावर.

एनव्हिडियावाल्यांनी एनव्हिडिया-एसएमआय या कमांडनं पॉवर लिमिट उतरवावी.